रोमन थिएटर आणि दहा नंबरचा जावई

जुन्या दगडी थिएटरात शिरला की मराठी माणूस आधी टाळी वाजवतो. एरवी नाटक सुरू व्हायच्या आधी टाळी द्यायची आपल्याला सवय नाही. आमच्या कालिदास कलामंदिरात तिसरी घंटा झाली तरी निम्मे प्रेक्षक बॅटरीवाल्याशी खुर्चीच्या नंबरावरून हुज्जत घालत असतात. पण तुर्कस्तान असो, जॉर्डन असो की इटली, टूरची बस अर्धगोल दगडी पायऱ्यांसमोर थांबली की गाइड सांगतो, "मधोमध उभे राहा, टाळी वाजवा, पार वरच्या पायरीवर ऐकू जाते." लगेच सगळी बस मधोमध जाऊन उभी राहते आणि एकदम टाळ्या पिटते. वरच्या पायरीवर ऐकायला कोणीच नसतं. कारण गुडघे.

हे मी ऐकीव सांगत नाही, पुरावा पाहून सांगतो. आमचे साडू तुर्कस्तानात आस्पेंडोसला जाऊन आले आणि येताना व्हिडिओ घेऊन आले. साडू पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यामुळे कुठलीही गोष्ट ते सव्याज सांगतात. आस्पेंडोसचं थिएटर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं. बाकी बहुतेक रोमन थिएटरांच्या नशिबी नुसत्या पायऱ्या उरल्या. इथे रंगमंचामागची उंच भिंतसुद्धा शाबूत आहे. बांधणारा झेनो. खर्च केला कर्टियस क्रिस्पिनस आणि कर्टियस ऑस्पिकेटस या दोन भावांनी, आणि तसं कोरूनही ठेवलं. दोन सख्ख्या भावांनी मिळून एक वास्तू उभारली आणि अठराशे वर्षांनंतरही तिच्यावर दोघांची नावं एकत्र आहेत, कोर्टाचा स्टे नाही, मधे भिंत नाही, हा माझ्या मते त्या थिएटरातल्या आवाजाहून मोठा चमत्कार आहे.

आवाजाचं म्हणाल तर व्हिडिओत साडू मधोमध उभे राहून 'नटसम्राट'मधलं स्वगत म्हणतायत एवढं दिसतं. ऐकू येतो तो फक्त वारा. ज्या वास्तूत कुजबुज वरपर्यंत पोचते म्हणतात, तिथे साडूंचा खडा आवाज चार हातांवरच्या मोबाइलपर्यंत पोचला नाही. शेवटी कोणाचा तरी अंगठा भिंगावर आला आणि पडदा पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. नाटक कुसुमाग्रजांचं, म्हणजे नाशिकचं. ते भूमध्य समुद्रापर्यंत गेलं याचा आनंद होताच.

"आता मला सांगा," साडू मोबाइल खिशात ठेवत म्हणाले, "तुमच्या नाशकात आहे का असं काही?"

'तुमच्या नाशकात' हे दोन शब्द पुणेकर ज्या सुरात म्हणतो, त्या सुरावर नाशिककराला उत्तर द्यावंच लागतं. पहिलं उत्तर माझ्या बायकोनं दिलं, "सुलामध्ये आहे की!" हे खरंच आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाच्या द्राक्षमळ्यात उघड्यावरचं पायऱ्यापायऱ्यांचं थिएटर आहे, तिथे गाणंबजावणं होतं आणि प्रेक्षकांच्या हातात वाइनचा पेला असतो. एखादा रोमन सिनेटर चुकून तिथे अवतरला तर घरी आल्यासारखा बसेल. पण साडूंना प्राचीन हवं होतं. प्राचीनच हवं तर नागार्जुनकोंड्याला विटांच्या पायऱ्यांचं इक्ष्वाकू राजांच्या काळचं प्रेक्षागार सापडलं होतं, रोमन अँफिथिएटरची आठवण व्हावी असं. ते नागार्जुनसागर धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून उचलून अनुपूला पुन्हा मांडलं. आख्खी मालमत्ता जागच्या जागी मोजून, जशीच्या तशी दुसरीकडे बसवून दिली, असा भाग्यवान धरणग्रस्त मला तरी दुसरा माहीत नाही. पण ते आंध्रात. नाशिकची अब्रू नाशिकमध्येच वाचवायला हवी होती. मी म्हटलं, "उद्या पांडवलेणी."

"ती पाहिलीयत हो लहानपणी," साडू म्हणाले. पांडवलेण्यांबद्दल हे वाक्य सगळेच म्हणतात. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेल्या लेण्यांपैकी माणसाला फक्त डब्यातली पुरी-भाजी आठवत असते.

रविवारी नाशिककर लेणी बघायला निघाला की आधी मिसळ खातो. पुणेकर ती खाताना पुण्याच्या मिसळीशी तुलना करतो. या दोन विधींना मिळून सव्वा तास लागला. मग मुंबई-आग्रा रस्त्याने त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी आलो. पायथ्याला दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. भारतीय सिनेमाचा जनक आमचा त्र्यंबकेश्वरचा, हे मी गाडी लावता लावता सांगून घेतलं. वर जायला दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. नेमक्या किती ते सांगता येत नाही, कारण मोजायला लागलेला माणूस मधेच बोलायचा थांबतो.

त्या पायऱ्यांवर रविवारी सकाळी जे दिसतं त्याला तिकीट लावलं तरी लोक येतील. रोज चढणारे ज्येष्ठ नागरिक वरून खाली येत असतात आणि धापा टाकणाऱ्या प्रत्येकाला "झालं, आलंच आता" असं खोटं सांगत असतात. कॉलेजची जोडपी दोघांत एक छत्री घेऊन, ऊन नसताना, चढत असतात. एखादी आजी नातवाला "भीमाची खोली दाखवते" म्हणत ओढत असते. वर पोचल्यावर प्रत्येकजण डोंगराकडे पाठ करून मोबाइल वर धरतो, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं लेणं खांद्यामागे बोटभर येतं. आणि अठरा नंबरच्या चैत्यगृहात जाऊन 'ओऽऽ' करून घुमतं का ते पाहतो. तेव्हा साडूंची टाळीची हौस मला समजली. आवाज परत येतो का हे तपासायची खोड माणसाला आस्पेंडोसलाही असते नि पाथर्डी फाट्यालाही. साडूंनी तिथे टाळी वाजवली. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. शिट्टी जास्त घुमली.

"पण प्रेक्षक बसायचे कुठे?" साडूंनी मुद्द्याला हात घातला. "थिएटर म्हणजे बसायला जागा नको?"

मी म्हटलं, "बसायची जागा सोडा, आधी नाटक बघा." आणि त्यांना दहा नंबरच्या लेण्यात नेलं. माझ्याकडे वा. वि. मिराशींच्या सातवाहन आणि क्षत्रपांवरच्या पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या. पांडवलेण्यांची गंमत अशी की ती बघायची कमी आणि वाचायची जास्त आहेत. भगवानलाल इंद्रजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा मोठमोठ्या माणसांनी या भिंतींपुढे डोळे फोडले, म्हणून आज आपल्याला दोन पानांत सगळं मिळतं. पण लोक शिल्प शोधत येतात, ओसरीत सावलीला बसतात, शेंगा खातात आणि ज्या भिंतीला टेकतात तिच्यावर काय लिहिलंय ते विचारत नाहीत.

दहा नंबरमध्ये लिहिणारा आहे उषवदात. आणि तो स्वतःची ओळख कशी करून देतो? राजा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दीनीकाचा मुलगा, उषवदात. या क्रमाने. आधी सासरा, मग बाप, मग स्वतः.

हे ऐकल्याबरोबर आमच्या दोघांच्या बायका एकदम पुढे सरसावल्या. "बघा," ताई, म्हणजे साडूंच्या बायको, म्हणाल्या, "सासऱ्याचं नाव आधी घातलंय. आणि कायमचं, दगडात." माझ्या बायकोला एवढ्यावर समाधान नव्हतं. "आमच्या अण्णांचं नाव तुम्ही दोघांनी कशावर घातलंय?" दोन साडू एका लेण्यात शेजारी शेजारी उभे आणि समोर भिंतीवर आदर्श जावई, असा प्रसंग कोणावर येऊ नये.

या आदर्श जावयाने काय काय केलं त्याची यादीच आहे. तीन लाख गाई दान दिल्या. देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली. वर्षाला एक लाख ब्राह्मणांना जेवण घातलं. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्या. यातलं गोवर्धन म्हणजे इथलंच, गंगापूर रस्त्याचं. तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. नारळाची हजारो झाडं दिली. साडू हळूहळू खाली बघायला लागले. तेव्हा मी घाईने पुढचा कागद काढला, कारण पुढचा लेख त्यांच्या खात्यातला होता.

उषवदाताने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्यांच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज खायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं कापडासाठी.

साडूंचा चेहरा पालटला. आस्पेंडोसच्या व्हिडिओत नव्हता इतका प्रकाश त्यावर आला. "थांबा. दोन हजारांवर महिन्याला एक टक्का म्हणजे वर्षाला बारा. दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा... दोनशे चाळीस! बरोब्बर!" ते ओसरीभर फिरले. "पैचा फरक नाही हो. हिशेब जुळला!" एका ब्रँचचा ताळेबंद मार्चच्या एकतीस तारखेला रात्री जुळला की बँकेचा माणूस जसा होतो तसे ते झाले होते. मग एकदम संशय आला. "पण एकाला बारा टक्के आणि दुसऱ्याला नऊ, हे का? नऊवाल्याची पत जास्त असणार." तेवढ्यात मी सांगितलं की हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर वाचून दाखवला आणि रीतसर नोंदवला, असंही याच लेखात आहे. साडूंनी मान डोलावली. "रजिस्टर्ड आहे म्हणजे प्रश्नच मिटला." पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, सत्तर हजारांचे दोन हजार सुवर्ण, असा विनिमयाचा दरही त्याच भिंतीवर आहे हे कळल्यावर ते खाली बसले. प्रेक्षकांना बसायला जागा मिळाली.

आता सासऱ्याकडे बघू. त्या काळी भडोच बंदरात रोमन व्यापाऱ्यांचा माल उतरायचा. एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये त्या मालाची यादी आहे: वाइन, तीही जास्त करून इटलीची, तांबं, कथील, शिसं, पोवळी. आणि तिथल्या राजासाठी खास म्हणून चांदीची भांडी, उंची वाइन, अंगराग, सुंदर मुली आणि गाणारी पोरं. हा राजा म्हणजे नहपानच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे थिएटर नाही आलं, पण थिएटरातली पोरं आली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर समुद्रदेव पोसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. सासरी इटलीची वाइन आणि गाणी चालू, आणि जावई इकडे भिक्षूंच्या कापडाची तजवीज करतोय. "पैसा सासऱ्याचाच असणार," साडू म्हणाले. लेखात तसं नाही, पण दोन जावयांमध्ये या मुद्द्यावर मतभेद झाला नाही.

सतरा नंबरच्या लेण्यात तर खुद्द एक यवन भेटतो. धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा. ग्रीक मुळाचा माणूस नाशकात आला, हातात पैसा होता, डोंगर होता, कारागीर होते. इतका मोका असून त्याने थिएटर न बांधता आईवडिलांच्या पुण्यासाठी लेणं कोरवलं. नाव इंद्राचं नि अग्नीचं, दान बुद्धाला, मूळ यवनाचं. आजच्या कुठल्या फॉर्ममध्ये त्याला बसवायचं, हा विचार करून मी थकलो.

मग तीन नंबर. हे लेणं बाहेरूनच थांबवतं. ओसरीच्या तळाशी जाडजूड गण अर्धे जमिनीतून वर आल्यासारखे कोरलेत आणि आख्ख्या लेण्याचा भार त्यांच्या खांद्यावर आहे. डोळे वटारलेले, तोंड मिटलेलं. मंडपवाल्याची माणसं शेवटचा प्रयोग संपेपर्यंत अशीच उभी असतात.

ओसरीतल्या भिंतीवर एका आईचा लेख आहे. गौतमी बलश्री. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी वारलाय, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी राज्य करतोय, त्याचं एकोणिसावं वर्ष आहे. आजीने लेणं दान केलंय आणि दान सांगायच्या आधी मुलाचं वर्णन केलंय. ते सुरू होतं आणि थांबतच नाही. रूप पौर्णिमेच्या चंद्रासारखं. चाल उत्तम हत्तीसारखी. वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. क्षत्रियांचा गर्व उतरवला. शक, यवन, पल्हवांचा नाश केला. प्रजेच्या सुखदुःखात सारखाच सहभागी. कर धर्माने घेतला. उत्सव आणि समाज, म्हणजे खेळ-तमाशांचे मेळे, भरवणारा. आणि या सगळ्या पराक्रमांच्या गर्दीत, न विसरता, आईची सेवा करणारा. लग्नाच्या बायोडाटात आया लिहितात तो मजकूर आणि हा, यात तीन समुद्र सोडले तर फार अंतर नाही. स्वतःबद्दलही ती माऊली संकोच करत नाही: सत्यवचन, दान, क्षमा, अहिंसा, तप, उपवास, सगळं आहे. ताई हे ऐकून म्हणाल्या, "सुनेचं नाव कुठंय?" मी झेरॉक्स उलटसुलट करून पाहिली. या लेखात सुनेचं कौतुक नाही. "तेच म्हटलं," ताई म्हणाल्या.

याच लेखात गौतमीपुत्राचा पराक्रम राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्यासारखा होता असं म्हटलंय. म्हणजे पांडवलेण्यांत पांडव नाहीत असं कोणी तुम्हाला ठणकावून सांगितलं तर ऐकून घेऊ नका. पाचांपैकी दोन आहेत, लेखी. मघाच्या आजीला गाठून हे सांगावं असं फार वाटलं, पण ती नातवाला भीमाची खोली दाखवून केव्हाच खाली गेली होती. भीमाच्या खोल्यांना दुसरं नावच नव्हतं तिच्याकडे, आणि ती सोळा आणे चुकीची नव्हती.

पण या नाटकातला कळसाचा प्रवेश हा नाही. आईच्या लेखात आणखी एक वाक्य आहे: क्षहरातांचा वंश निर्वंश करणारा. क्षहरात म्हणजे कोण? नहपान. दहा नंबरचा सासरा! दहा नंबरच्या ओसरीत जावई मिरवतोय आणि थोड्याच अंतरावर तीन नंबरच्या ओसरीत त्याच्या सासुरवाडीचा निकाल लागलाय. 1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचे छाप पुन्हा मारलेले. सासऱ्याच्या चेहऱ्यावर हातोडा. साडू नकळत म्हणाले, "अरेरे."

आणि या विजयाचं सरकारी कामकाज त्याच ओसरीत, शेजारीच आहे. गौतमीपुत्राने राज्यवर्ष अठरामध्ये गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवला: पूर्वी उषवदाताकडे असलेलं अमुक गावचं दोनशे निवर्तनं शेत या लेण्यातल्या भिक्षूंना द्या. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, कोणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, असंही बजावलं. सुरेख हुकूम. सहा वर्षांनी, वर्ष चोवीसमध्ये, दुसरा हुकूम निघाला, या वेळी राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने: आम्ही जे शेत दिलं होतं ते कसलं जात नाही, गावात कोणी राहत नाही, तेव्हा नगराच्या हद्दीवरच्या आमच्या शेतातली शंभर निवर्तनं द्या. म्हणजे भिक्षूंना जमीन मिळाली ती ओसाड गावातली. तक्रार वर जाऊन बदली जमीन मिळायला सहा वर्षं लागली आणि मिळाली ती निम्मी. पुढे पुळुमावीच्या काळात वर्ष एकोणीसला या लेण्याला एक गाव दिलं. वर्ष बावीसला तेही बदलून दुसरं गाव दिलं. मी हे वाचत असताना शेजारच्या खांबाला टेकून बसलेले एक अनोळखी काका, टोपी, धोतर, शेंगांची पुडी, एकदम म्हणाले, "सातबारा नावावर झाला का पण त्यांचा?" त्यांना उत्तर देता येईना. आस्पेंडोसच्या हजारो आसनांवर बसलेल्या प्रेक्षकांनी रंगमंचावरच्या पात्राला इतका समर्पक प्रश्न विचारला असेल असं मला वाटत नाही.

खाली उतरताना साडू गप्प होते. निम्म्या पायऱ्यांवर थांबून म्हणाले, "थिएटर आमचंच चांगलं. आवाज काय सुंदर घुमतो! पण नाटक तुमचं चांगलं." पुणेकराकडून नाशिकला मिळालेलं हे प्रशस्तिपत्र मी लगेच कोरून घेतलं असतं, पण पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीवर कोरण्याची शिक्षा स्पष्ट लिहिली आहे.

तेव्हा घरी पाहुणे आले आणि त्यांनी परदेशातल्या पायऱ्यांचे व्हिडिओ काढले, तर त्यांना घेऊन त्रिरश्मीवर जा. सकाळी लवकर जा, पाणी न्या, मिराशींच्या पुस्तकातली दोन-चार पानं न्या. शेंगा नेल्या तर टरफलं परत आणा. आणि आधी दहा नंबर, मग तीन नंबर. उलट गेलात तर जावयाचं पुढे काय होतं ते आधीच कळतं आणि सगळी मजा जाते.